पांढऱ्या पेशी रक्तात असतात, मग गळ्याच्या गाठीत काय करतात?

तुमचा प्रश्न असा होता: घसा दुखतोय, जबड्याखाली गाठ आलीये, पण रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी नॉर्मल निघाल्या. मग ही गाठ कसली? आणि पांढऱ्या पेशी रक्तात असतात, तर लसीकाग्रंथींशी (मान, काख, जांघ इथल्या छोट्या गाठी, इंग्रजीत लिम्फ नोड) त्यांचा संबंध काय?

गोंधळ 'रक्तपेशी' या नावामुळे होतो. तांबड्या पेशींचं काम रक्तातच चालतं. पांढऱ्यांसाठी रक्त ही नुसती ये-जा करायची वाट. लिम्फोसाइट हा त्यातला एक प्रकार घ्या. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट्सपैकी कुठल्याही क्षणी रक्तात असतात जेमतेम 2 टक्के. बाकीच्या लसीकाग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर इथे मुक्कामाला. रिपोर्टमधला 4,000 ते 11,000 हा आकडा म्हणजे सुई टोचली त्या वेळी एक मायक्रोलिटर रक्तात जेवढ्या वाटेवर होत्या, तेवढ्यांची मोजदाद. त्यातही निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा एक प्रकार. त्या जंतूंशी भिडतात त्या जखमेच्या जागीच, आणि तिथेच मरतात; पू म्हणतो तो बराचसा त्यांचाच.

आता लसीका. केशवाहिन्यांतून रोज काही लिटर द्रव पेशींच्या फटींत झिरपतो आणि तो उचलून परत रक्तात सोडायचं काम लसीकावाहिन्या करतात; त्यांच्यातल्या या द्रवालाच लसीका म्हणतात. यांना हृदयासारखा पंप नाही. स्नायूंची हालचाल, श्वास, वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन आणि उलटं वाहू न देणाऱ्या झडपा, यांवर सगळं चालतं. शेवटी मानेच्या बुडाशी, मुख्यतः डाव्या बाजूला, हा द्रव शिरेत पडतो.

इथे एक कोडं होतं. या मुख्य लसीकावाहिनीतून रक्तात एवढ्या लिम्फोसाइट्स ओतल्या जातात, तरी रक्तातली संख्या वाढत का नाही? 1950 च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डला जेम्स गोवन्स या संशोधकाने उंदरांमधली ती लसीका बाहेर काढून घेतली. काही दिवसांत उंदरांच्या लिम्फोसाइट्स झपाट्याने घटल्या. त्याच पेशी परत सोडल्यावर लसीकेतली संख्या सावरली. म्हणजे नव्या पेशी सारख्या येत नव्हत्या, त्याच पेशी फेऱ्या मारत होत्या: रक्तातून ग्रंथीत, ग्रंथीतून लसीकेत, लसीकेतून पुन्हा रक्तात. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण नुसती मोजणी करून उत्तर निघालं.

फेऱ्या कशासाठी? एका लिम्फोसाइटला एकच ठरावीक खूण ओळखता येते. तुमच्या घशातला जंतू ओळखणारी लाखात एखादीच असेल. ती नेमकी घशात जाऊन जंतूला गाठेल, ही आशा व्यर्थ. म्हणून दोघांना भेटायला ठरलेली जागा लागते, आणि ती म्हणजे लसीकाग्रंथी. डेंड्रायटिक पेशी (जंतूची ओळख पोचवणाऱ्या पेशी) घशातून जंतूचे तुकडे उचलतात आणि लसीकेबरोबर जवळच्या ग्रंथीत येतात. (1973 मध्ये या पेशींचं वर्णन करणारे राल्फ स्टाइनमन यांना 2011 चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते.) दुसऱ्या बाजूने रक्तातल्या लिम्फोसाइट्स ग्रंथीत शिरतात, काही तास चाचपणी करतात, जुळलं नाही तर पुढच्या ग्रंथीकडे निघतात. जिची खूण जुळते ती थांबते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जाते. यात काही दिवस जातात.

तुमची गाठ ती हीच. ग्रंथीकडे रक्त जास्त येतं, पेशी जास्त शिरतात, बाहेर पडायची वाट काही काळ जवळपास बंद होते, आणि आत विभाजन जोरात. आवरण ताणलं की दुखतं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तेही हेच. या सगळ्यात रक्तातला आकडा नॉर्मल राहू शकतो. उलटंही घडतं: फिंगोलिमॉड हे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरचं औषध लिम्फोसाइट्सना ग्रंथींतून बाहेर पडू देत नाही, त्यामुळे रक्तातली त्यांची संख्या खूप घसरते, पण पेशी जिवंतच असतात.

संसर्गाची गाठ बहुधा मऊ, हलणारी, दुखरी असते आणि घसा बरा झाल्यावरही ओसरायला दोन-तीन आठवडे घेते. ती टणक असेल, एका जागी घट्ट बसलेली असेल, वाढतच असेल, गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल, किंवा सोबत वजन घटणं, रात्री घामाने भिजणं असं काही असेल, तर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दिवसातून दहादा दाबून बघणं बंद करा. दाबल्यानेही ती दुखते.