शेवटचं रीळ पाठ आहे

सदर : घरचा पडदा
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मी मुंबईत फोर्टातल्या एका थिएटरात ऑपरेटर होतो, म्हणजे केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवायचो. आता डोंबिवलीत मुलाने घेतलेल्या टीव्हीसमोर बसून तेच इंग्रजी सिनेमे पुन्हा बघतो. सोबत आमची ही असते. तिचं मत मी विचारत नाही, तरी ते मिळतंच. गेल्या अंकानंतर आलेली बरीच पत्रं जुन्या हॉलिवूडबद्दल आहेत, म्हणून या वेळी फक्त तीच घेतली.

काका, एका जुन्या सिनेमाच्या प्रतीत वर उजव्या कोपऱ्यात मधूनच एक गोल ठिपका चमकून जातो. प्रिंट खराब असेल का? (नागपूर)

प्रिंट उत्तम आहे. तो ठिपका तुमच्यासाठी नव्हताच, माझ्यासाठी होता! एका रिळात दोन हजार फूट फिल्म मावते आणि मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे एक रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. केबिनमध्ये मशिनं दोन. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा दिसला की चेंजओव्हर, म्हणजे चित्र पहिल्या मशिनवरून दुसऱ्यावर न्यायचं. नीट जमलं तर खाली बसलेल्याला पत्ताही लागत नाही. चुकलं तर पिटातून शिट्ट्या, आणि मग मॅनेजर जिना चढून वर. हल्लीच्या साफ केलेल्या डिजिटल प्रतींत हे ठिपके बहुधा पुसलेले असतात. तुम्हाला दिसला याचा अर्थ तुमची प्रत कुठल्या तरी थिएटरातल्या प्रिंटवरून निघालेली दिसते.

आता खरी गंमत सांगतो. चेंजओव्हर झाला की उतरलेलं रीळ उलटं गुंडाळायचं, पुढचं चढवायचं, मशिनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या किती जळल्यात ते बघायचं. म्हणजे प्रत्येक रिळाची सुरुवात माझ्या पाठीमागे व्हायची. हात मोकळे झाले की मी खिडकीशी, तेही मशिनच्या आवाजात. शेवटच्या रिळानंतर मात्र चढवायला काही नसायचं, त्यामुळे ते पूर्ण बघायचो. सगळ्या सिनेमांचे शेवट मला पाठ आहेत आणि मधल्या कित्येक गोष्टी आत्ता, या वयात, सोफ्यावर बसून कळताहेत.

'रोमन हॉलिडे' घ्या. १९५३ चा. शेवटची पत्रकार परिषद आणि त्या रिकाम्या होत गेलेल्या दालनातून एकटा चालत निघालेला ग्रेगरी पेक, हे मला मिटल्या डोळ्यांनी दिसतं. पण घरी पहिल्यापासून बघितला तेव्हा सुरुवातीचा दूतावासातला समारंभ नीट पाहिला. राजकन्या रांगेतल्या पाहुण्यांना भेटतेय आणि लांब झग्याखाली तिच्या पायातला बूट निसटलाय. चेहरा हसरा, पाय बूट शोधतोय. शेवटीही ती रांगेतल्या लोकांना भेटतेच आहे, पण आता तिच्या अंगात कुठे चुळबुळ नाही. एका दिवसात पोरगी मोठी झाली, हे ऑड्री हेपबर्नने एका शब्दाशिवाय दाखवलंय. ते कळायला पहिलं रीळ लागतं.

टायटल्सच्या वेळी मी अक्षरांवर फोकस लावायचो, त्यामुळे नावं डोक्यात बसलेली असायची. या सिनेमाच्या जुन्या प्रिंटवर डाल्टन ट्रम्बोचं नाव नव्हतं. कथा त्याची, पण कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीत असल्याने इयन मक्लेलन हंटर या मित्राचं नाव पुढे केलं. कथेचं ऑस्कर ट्रम्बोच्या नावावर झालं ते १९९३ मध्ये, तो जाऊन सतरा वर्षं उलटल्यावर. नव्या प्रतींत त्याचं नाव आहे, नक्की बघा.

जुना सिनेमा लावला की टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. मी झूम करून स्क्रीन भरून घेतो. चालेल ना? आणि नव्या टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा का दिसतो? (सांगली)

नाही चालणार. १९५३ मध्ये सिनेमास्कोप ही रुंद चित्राची पद्धत येईपर्यंत हॉलिवूडचं चित्र जवळजवळ चौकोनी असायचं, रुंदी उंचीच्या १.३७ पट. तुमचा टीव्ही त्याहून बराच रुंद. झूम केलंत की वरचं आणि खालचं चित्र कापलं जातं. 'सिंगिंग इन द रेन' १९५२ चा आहे. झूम करून बघितलात तर पावसात नाचणाऱ्या जीन केलीचे पाय जातील, मग राहिलं काय? फ्रेड अस्टेअर तर नाचताना डोक्यापासून पायापर्यंत सगळा दिसलाच पाहिजे म्हणून हट्ट धरायचा. काळ्या पट्ट्यांचे पैसे वाया गेले असं वाटत असेल तर खोलीतला दिवा बंद करा, पट्टे दिसेनासे होतात.

मालिकेसारखं दिसणं हा टीव्हीचा आगाऊपणा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून भरतो, त्याला मोशन स्मूदिंग म्हणतात. २०१८ मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना ते बंद करायला सांगितलं होतं. सेटिंगमध्ये चित्राच्या यादीत शोधा. काही टीव्हींवर फिल्ममेकर मोड असतो, तो लावला की काम होतं. आमच्याकडे ते बंद केल्यावर हिला फरक कळला नाही. मला मात्र शेजारच्यांचा टीव्हीही आता बघवत नाही.

'एक रुका हुआ फैसला' आम्ही घरात कितीदा पाहिलाय. निकाल ठाऊक असताना मूळ 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' बघण्यात काय राम? (नाशिक)

निकाल ठाऊक असणं ही तर सोय आहे! बासू चॅटर्जींचा १९८६ चा सिनेमा मलाही आवडतो. पंकज कपूरचं ते धुमसणं आणि के. के. रैनाचा थंडपणा. पण मूळचा १९५७ चा सिनेमा बघताना एक करा. बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्यांकडे बघा. खुनाचा आरोप असलेला पोरगा दोषी की निर्दोष हे ठरवायला बसलेली ज्युरी, बारा माणसं एका टेबलाभोवती. एक बोलतो तेव्हा अकरा जण काही ना काही करत असतात. कुणी कागदावर रेघोट्या ओढतोय, कुणाला बेसबॉलची मॅच गाठायचीय. मत बदलणारा माणूस हात वर करण्याच्या बऱ्याच आधी बदललेला असतो. ते कळण्याची जागा त्याचा चेहरा, संवाद नव्हे. पहिल्यांदा बघताना आपण पुराव्यामागे धावतो, त्यामुळे ते निसटतं.

दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा हा पहिलाच सिनेमा. ९६ मिनिटं, त्यातली थोडीच खोलीबाहेरची. त्याने पहिला एक तृतीयांश भाग डोळ्यांच्या उंचीच्या वरून घेतला, मधला डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटचा खालून. सोबत भिंगही वाढत्या फोकल लांबीची, म्हणजे मागचं पुढे ओढून दाखवणारी, वापरत गेला. त्यामुळे भिंती अंगावर येतात आणि शेवटी छतही दिसू लागतं. मी केबिनमधून हा सिनेमा बघायचो तेव्हा तिसऱ्या-चौथ्या रिळाला खोली लहान झाल्यासारखी वाटायची. मला वाटायचं, कार्बनच्या उकाड्याने माझंच डोकं फिरलंय.

आणि तो चार नंबरचा ज्युरर, ई. जी. मार्शल. सूटबूट, चश्मा, कपाळावर घामाचा थेंब नाही. 'मला घाम येत नाही' असं सांगणारा. आरोपी पोराला त्या रात्री पाहिलेल्या सिनेमाचं नाव पोलिसांना सांगता आलं नाही, म्हणून तो खोटा, असा याचा दावा. मग पोराच्या बाजूने उभा राहिलेला ज्युरर हेन्री फोंडा त्यालाच विचारू लागतो, परवा काय केलंत, त्याच्या आदल्या दिवशी काय, सिनेमा कुठला पाहिलात, जोडीला दुसरा कुठला होता. दुसऱ्याचं नाव तो चुकतो, आणि घाम! अख्ख्या सिनेमातली माझी ही सगळ्यात आवडती जागा. सिनेमा पाहून चार दिवसांत नाव विसरणारा माणूस सज्जनही असू शकतो, हे हॉलिवूडनेच मान्य केलंय. हिला नावं कधीच आठवत नाहीत. त्या दिवशी तिने माझ्याकडे जे बघितलं, ते इथे लिहीत नाही.

पंख्यावरही लक्ष ठेवा. सुरुवातीला तो चालत नाही, पुढे पावसाने अंधारून येतं, दिवे लावले जातात आणि मग तो फिरू लागतो. त्याआधी आणि त्यानंतर माणसं कशी वागतात, एवढंच एकदा तपासून बघा.

आमच्या जुन्या कॅसेटवर 'कासाब्लांका' ९८ मिनिटांचा होता, आता ऑनलाइन १०२ दाखवतोय. सेन्सॉरने तेव्हा कापला होता का? (ठाणे)

कात्री लागलेलीच नसेल कदाचित. आपल्याकडचा तेव्हाचा टीव्ही आणि व्हिडिओ पाल (PAL) पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रांचा. २४ चा सिनेमा त्यावर उतरवायची सोपी युक्ती म्हणजे तो जरा जोरात पळवायचा. त्यात चार टक्के वेळ वाचतो. १०२ मिनिटांचे बरोबर ९८ होतात. आवाजही किंचित चढतो. म्हणजे आपण वर्षानुवर्षं नायक हम्फ्री बोगार्टचा आवाज आहे त्याहून थोडा पातळ ऐकला. आता मूळ वेगाने ऐकताना तो मला जास्त थकलेला वाटतो, आणि त्या भूमिकेला ते शोभतं.

इथेही तेच, ऐकणाऱ्यांकडे बघा. जर्मन अधिकारी गाऊ लागतात आणि उत्तरादाखल सगळा कॅफे फ्रान्सचं राष्ट्रगीत उचलतो, त्या प्रसंगात डोळ्यांत पाणी आलेली तरुणी दिसते ती मादलेन लबो. ती स्वतः जर्मनांपासून पळून आलेली होती. जर्मन मेजर झालेला कॉनराट फाइट हाही ज्यू बायकोला घेऊन जर्मनी सोडून आलेला. १९४२ सालचा सिनेमा, युद्ध चालू होतं, कोण जिंकणार ते सेटवर कुणालाच ठाऊक नव्हतं. हे कळल्यापासून बोगार्ट-बर्गमनचं प्रेमप्रकरण मला जरा मागे सरकल्यासारखं वाटतं.

'अशी ही बनवाबनवी' हा 'सम लाइक इट हॉट'वरून उचललाय, यावर आमच्या कट्ट्यावर पैज लागली आहे. (कोल्हापूर)

पैज लावणाऱ्याने चहा पाजावा. 'बनवाबनवी' हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून केलेला आहे. 'सम लाइक इट हॉट'वरून निघाला तो 'रफू चक्कर', १९७५. मूळ सिनेमा १९५९ चा असूनही कृष्णधवल आहे, कारण रंगीत चाचणीत टोनी कर्टिस आणि जॅक लेमन यांचा बाईचा मेकअप हिरवट दिसू लागला. मी शेवटचं वाक्य सांगणार नाही. बिली वाइल्डरचाच 'द अपार्टमेंट' (१९६०) मात्र सोबत बघा. त्यातलं ते अफाट ऑफिस नुसती नजरबंदी आहे. मागे जाईल तशी टेबलं लहान होत जातात आणि पार मागे बुटकी माणसं बसवलेली.

आजीचा लाडका 'गॉन विथ द विंड' तिच्यासोबत पाहिला आणि मला राग आला. गुलामीत सगळे सुखी असल्यासारखं दाखवलंय. आजी दुखावली. मी बघायलाच नको होता का? (मडगाव)

राग रास्त आहे. सिनेमा तसाच आहे आणि आजीला तो आवडतो हेही खरं. आजीशी भांडू नकोस, तिला हॅटी मॅकडॅनियलबद्दल सांग. मॅमी या गुलाम दाईच्या कामासाठी तिला ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं. १९३९ च्या डिसेंबरात अटलांटात पहिला खेळ झाला, तिथे वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला जाता आलं नाही. पुढे ऑस्करच्या समारंभातही तिला इतरांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं. पुन्हा बघताना मी तिच्याकडेच बघत होतो. नायिका स्कार्लेट बोलत असते आणि मॅमीच्या डोळ्यांत त्या प्रत्येक वाक्याचा हिशेब चाललेला असतो. बाकी चार तासांपैकी बराच भाग मी पुढे पळवला असता, पण रिमोट हिच्याकडे होता.

प्रवासात मोबाइलवर 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' बघायचा विचार आहे. तुमचा सल्ला? (रत्नागिरी)

नको. वाळवंटात दूर मृगजळात एक ठिपका हलतो, तो हळूहळू मोठा होत उंटावरचा ओमर शरीफ होतो. मोबाइलवर तो ठिपका दिसायच्या आतच तुमचं स्टेशन येईल. डेव्हिड लीन इंग्रज, त्यामुळे याला हॉलिवूड म्हणावं का यावर भांडता येईल, पण पैसा कोलंबिया या हॉलिवूडच्या स्टुडिओचा. आपला आय. एस. जोहर त्यात गासिम आहे, वाळवंटात मागे राहिलेला तोच. घरातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर बघा, रविवारी दुपारी जेवण आटोपून. सुरुवातीला चारेक मिनिटं पडदा काळा राहतो आणि नुसतं संगीत वाजतं, ते तसंच आहे, केबल हलवत बसू नका. आणि मध्यंतर दिग्दर्शकानेच दिलेलं आहे. आमच्या थिएटरात बाकीच्या इंग्रजी सिनेमांना आम्हीच कुठेही कापून द्यायचो तसलं नाही. चहा तेव्हाच टाका.