खड्डा बिल्डरचा, नोटीस मालकाला

प्रश्न : पुण्यात मंडईजवळचा वडिलोपार्जित वाडा आम्ही बिल्डरला विकसनासाठी दिला, कुलमुखत्यारपत्रही करून दिलं. त्याने दोन तळघरांसाठी खोदकाम सुरू केलं. आता शेजारच्या भुयारी मेट्रो स्थानकाला धोका असल्याची नोटीस माझ्या नावाने आली आहे. मी नागपुरात राहतो. जबाबदार मी कसा? (एक वाचक, लक्ष्मीनगर)

उत्तर : जागा तुमची आणि बिल्डर तुमचा मुखत्यार, म्हणून. करार कायद्याच्या कलम 226 नुसार मुखत्याराने अधिकारात राहून केलेलं काम तुमच्यावर बंधनकारक असतं. ‘मला माहीतच नव्हतं’ असं कृपा करून लिहून देऊ नका.

आपल्याकडे नागपुरात मेट्रो बहुतेक खांबांवरून धावते, त्यामुळे हा धोका चटकन लक्षात येत नाही. भुयारी स्थानकाच्या भिंतींवर दोन्ही बाजूंनी मातीचा दाब असतो. एका बाजूची माती काढली की तोल बिघडतो, भिंत खड्ड्याकडे सरकू पाहते. खड्ड्यातलं पाणी उपसलं की भूजल उतरतं आणि आजूबाजूची माती बसते. स्थानक आणि त्याला जोडलेला बोगदा सारखे खचत नाहीत. ताण येतो तो दोघांच्या सांध्यावर, आणि तिथून पाणी झिरपू लागतं. पुण्याच्या काळ्या खडकात खडक फोडणाऱ्या ब्रेकर यंत्राचे हादरे असतात ते वेगळेच.

सुविधाधिकार कायदा, 1882 चं कलम 7 शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क देतं, पण तो नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीपुरता. स्थानक त्यात बसत नाही. म्हणूनच मेट्रो रेल्वे (बांधकामे) कायदा, 1978 च्या कलम 20 खाली अधिसूचना काढून मार्गालगतच्या पट्ट्यात बांधकामावर आणि खोदकामावर बंधन घालता येतं. तुमचा भूखंड त्या पट्ट्यात येतो का आणि बिल्डरने मेट्रोचं ना-हरकत प्रमाणपत्र घेतलं होतं का, हे आधी तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘काम बंद केलं’ एवढंच कळवून स्वस्थ बसू नका. अर्धवट, आधार न दिलेला खड्डा चालू कामापेक्षा घातक ठरू शकतो. पावसाळ्यात तर फारच. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. त्यात भू-तांत्रिक (माती-खडकाचा जाणकार) सल्लागार नेमल्याचं कळवा आणि खड्ड्याला तात्पुरता आधार देण्याची किंवा तो भरून घेण्याची परवानगी मागा. स्थानक किती सरकलं वा खचलं याच्या नोंदींची प्रतही मागा; पुढे नुकसानीचा दावा आला तर त्याच उपयोगी पडतील. तुमच्या बाजूने फोटो आणि मोजमापं आजच घेऊन ठेवा.

मुखत्यारपत्र रागाच्या भरात रद्द करू नका. बिल्डरचे हितसंबंध त्यात गुंतले असतील, तर करार कायद्याचं कलम 202 आडवं येतं; त्या हितसंबंधांना बाधा येईल असं ते रद्द करता येत नाही. त्याऐवजी करारातल्या नुकसानभरपाईच्या हमीवर बोट ठेवून त्याला वकिलामार्फत नोटीस द्या. करारात लवादाचं कलम असेल, तर लवाद कायद्याच्या कलम 9 खाली न्यायालयाकडून तातडीचा आदेश मिळू शकतो. नसेल, तर पुण्याच्या दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावा. त्यासाठी नोंदणीकृत करार आणि मुखत्यारपत्राच्या प्रती घेऊन पुण्याच्या वकिलाला याच आठवड्यात भेटा.