शेवटचे दहा मीटर

बाळा, अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तू अंदमानला निघालास. मालवणात आपण पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगसाठी समुद्रात सात-आठ मीटर खाली नेतो नि वर आणतो. तिथे ३० मीटरवर जावं लागेल. खाली जाणं तुला येतं, मला काळजी आहे ती वर येण्याची.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाण्याच्या वर हवेचा एक वातावरण दाब असतोच, म्हणजे ३० मीटरवर तो त्याच्या चौपट, आणि श्वासातली हवाही त्याच दाबाची. तिच्यातला ऑक्सिजन शरीर वापरतं, पण नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळून साठत राहतो. सावकाश वर आलास तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई केलीस तर जिथे असेल तिथेच त्याचे बुडबुडे होतात. सांध्यात झाले तर ठणका, मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे.

आता नीट बघ. तिसावरून दहावर येताना दाब निम्मा होतो आणि दहावरून वर येतानाही निम्माच. वीस मीटरांत जे होतं ते शेवटच्या दहात होतं. नेमका तिथेच उजेड दिसतो, होडीचा तळ दिसतो आणि पाय आपोआप जोर धरतात. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. ५ मीटरवर ३ मिनिटं थांब, सिलिंडरमधली हवा कितीही कमी खर्च झाली असली, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर थांब म्हणत नसला तरी.

हाल्डेन या शास्त्रज्ञाने टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते १९०८ साली मांडले, ते शेळ्यांवर प्रयोग करून. त्रास झालेली शेळी पुढचा पाय उचलून धरायची, त्यावरून कळायचं. मी तेवढंही केलं नाही. एकदा दिवसात चार डाइव्ह केल्यावर खांदा ठणकायला लागला. सिलिंडर उचलताना लचकला असेल म्हणून बाम चोळून झोपलो. रात्री बोटं बधिर, शर्टाची गुंडी लागेना. चेंबरमध्ये पुन्हा दाब चढवून तासन्‌तास शुद्ध ऑक्सिजनवर ठेवलं, तेव्हा हात परत आला. ऑक्सिजन तर होडीवरच होता रे. मी बोललोच नव्हतो.

शिमग्याला घरी यायची ओढ लागेल. सकाळची डाइव्ह उरकून दुपारचं विमान धरू नकोस. केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. बऱ्याच डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ देत. आदला अख्खा दिवस कोरडाच ठेव.

होडीत चढलास की आधी ऑक्सिजनची बाटली कुठे आहे ते विचार आणि काटा स्वतः बघ. पोचल्यावर फोन कर.