वाचनाचा वेग मोजताना

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आणलेले पुस्तक परतीच्या तारखेआधी वाचून होईल का, हे ठरवायचे असेल, तर आधी स्वतःचा वेग जाणून घ्या. प्रस्तावना सोडून मधल्या एखाद्या प्रकरणापासून, घड्याळ लावून, नेहमीच्या पद्धतीने २० मिनिटे वाचा आणि पाने मोजा. १० पाने झाली, तर एका पानाला २ मिनिटे लागली. म्हणजे २०० पानांना ४०० मिनिटे, रोज अर्धा तास धरल्यास साधारण १४ दिवस.

नवे वाचक हमखास दोन चुका करतात: मोजणी चालू आहे म्हणून धावत वाचतात आणि इंग्रजीतले ‘मिनिटाला इतके शब्द’ हे आकडे मराठीला लावतात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्यामुळे ‘घरासमोर’ एवढ्या एका शब्दासाठी इंग्रजीत चार-पाच शब्द लागतात, आणि साहजिकच आपला आकडा कमी दिसतो; त्यात तुमची काहीच उणीव नाही. म्हणून सुरुवातीला पानेच मोजा. कादंबरी आणि वैचारिक ग्रंथ यांची नोंद मात्र वेगवेगळी ठेवा, कारण वैचारिक लेखनाच्या पानाला मला स्वतःला आजही जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. वेग वाढवण्याच्या युक्त्यांकडे तूर्त वळू नका.