ऑनलाइन तासाला खेड्यातली मुलं काहीच बोलत नाहीत, काय करावं?

तुम्ही विचारलंय की नववी-दहावीला ऑनलाइन विज्ञान शिकवताना समोर नुसती शांतता असते, तर मुलं बोलती व्हावीत म्हणून कोणतं तंत्रज्ञान वापरावं. मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात विज्ञान शिकवतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मीही फळ्यासमोर मोबाइल लावून ४०-४० मिनिटं बोलायचो. वर्गातली आठ-दहा मुलं जोडली जायची. "समजलं का?" विचारलं की एखादा "हो सर" टाकायचा. बाकीच्यांच्या घरचा एकुलता मोबाइल वडिलांसोबत वावरात, तो दिवस मावळल्यावरच घरी येणार.

म्हणून आधी लाइव्ह तासाचा हट्ट सोडा. मोबाइल हाती येईल तेव्हा, रेंज असो नसो, मुलाला स्वतः काहीतरी करून बघता आलं पाहिजे.

मला यात सगळ्यात जास्त साथ दिली ती फेटने (PhET), म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर करून बघायच्या विज्ञान प्रयोगांच्या संग्रहाने. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. प्रयोग फुकट आहेत, बरेचसे मराठीतही आहेत. एचटीएमएल५ मधले प्रयोग फाइल म्हणून उतरवून घेतले की पुढे नेट लागत नाही. जुन्या मोबाइलवर ते अडखळतात, हे आधीच सांगून ठेवतो. अशा वेळी दोन-तीन मुलं एका मोबाइलवर बसवा.

२०२१ मध्ये 'धाराविद्युत' शिकवताना मी परिपथ जोडण्याचा प्रयोग पाठवला. सूचना एवढीच: बल्ब लावा, पेटतो का बघा, मग बल्ब काढून तिथे नुसती तार जोडा, आणि काय झालं ते बोलून पाठवा. रात्री साडेनऊला एका मुलीचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी. "सर, ब्याटरी पेटली न जी! मी काहीच नाही केलं, फक्त वायर जोडला." पोरगी खरंच घाबरली होती. मी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, बल्ब होता तेव्हा रोध किती होता? तिने पुन्हा जोडून पाहिलं. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब, धारा ०.९ अँपिअर. बल्ब काढला की रोध जवळजवळ शून्य, मग धारा अडणार कुठे? थोड्या वेळाने दुसरा मेसेज: "म्हणजे सर, आमच्या वावरातल्या डीपीचा फ्यूज असाच उडते का?"

डीपी म्हणजे वावराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. तो मेसेज मी तीनदा ऐकला. माझ्या एकाही लाइव्ह तासात कुणी डीपीबद्दल विचारलं नव्हतं.

प्रश्नांसाठी गूगल फॉर्म घ्या. त्यात पर्यायानुसार पुढचा विभाग ठरवता येतो. चुकीचा पर्याय निवडला की मूल ती चूक का झाली हे समजावणाऱ्या विभागाकडे जातं, तिथून परत प्रश्नाकडे. बनवायला एक संध्याकाळ जाते, पण दरवर्षी कामी येतो. व्हॉट्सॲपचा पोल मी नंतर वापरून पाहिला आणि अभ्यासासाठी सोडला. कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे हुशार मुलाचं मत पडलं की बाकीचे त्याच्यामागे जातात. पुस्तकातले दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपचे क्यूआर कोड चांगले आहेत, पण ते पाहायला. करायला वेगळं द्यावं लागतं.

आणि आलेल्या प्रत्येक आवाजाला त्याच रात्री, नाव घेऊन उत्तर द्या. दोन दिवस उत्तर नाही आलं की मूल पाठवणं बंद करतं, हे मी माझ्याच वर्गात पाहिलं. विदर्भातल्या लांब उन्हाळी सुट्टीत मी आजही हेच करतो.

लाइव्ह तास आठवड्यातून एकदाच ठेवा, २० मिनिटांचा, मुलांच्याच प्रश्नांवर. त्या रविवारी मी डीपीचा प्रश्न घेतला. कॅमेरा सुरू करा असं कुणाला सांगावं लागलं नाही. एका मुलाने तर वडिलांनी काढून ठेवलेलं फ्यूजचं जळकं किटकॅटच, म्हणजे फ्यूजची तार धरणारा चिनी मातीचा तुकडा, कॅमेऱ्यासमोर धरलं होतं.