सातवीच्या मुलीला अ‍ॅप चौथीची गणितं देतंय, तेव्हा

ताई, उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा. तुमची लेक सातवीत, इंग्रजी माध्यम. ‘मुलाच्या पातळीप्रमाणे शिकवणारं’ म्हणून घेतलेलं गणिताचं अ‍ॅप दोन महिने तिला चौथी-पाचवीचे अपूर्णांक आणि दशांश देतंय. ती गुजरातीत “मने आवडे छे”, म्हणजे ‘हे येतं मला’, म्हणत टॅब आपटते, युनिट टेस्टचे मार्क जिथल्या तिथे, आणि आता कंपनीचा माणूस तीन वर्षांच्या पॅकेजसाठी मागे लागलाय. पैसे पाण्यात गेले का, असं तुम्ही विचारलंय.

अजून तरी नाही गेले. पॅकेज मात्र घेऊ नका, त्याचं कारण शेवटी सांगतो. बडोद्यात ३१ वर्षं गणित शिकवलं, आता दांडिया बाजारातल्या घरी सहा-सात मुलं येतात. त्यातली चार जण कुठलं ना कुठलं अ‍ॅप वापरतात, त्यामुळे या यंत्रांशी माझं रोजचं भांडण आहे.

चौथीचं गणित देणं ही अ‍ॅपची चूक नाही, तेच त्याचं काम आहे. दिल्लीत २०१५ मध्ये सरकारी शाळांतल्या ६१९ मुलांवर माइंडस्पार्क नावाच्या अशाच सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला. त्याच्या वर्गांत कोणाला प्रवेश मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. तिथली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. म्हणजे वर्गात सहावीचं पुस्तक उघडायचं आणि मुलाचं डोकं अजून तिसरी-चौथीत अडकलेलं. साडेचार महिन्यांत मुलं चांगली पुढे गेली, कच्ची मुलं तर त्यांच्या मानाने जास्तच. पण शाळेच्या स्वतःच्या गणिताच्या परीक्षेत मात्र तो फरक दिसला नाही. दिसणार कसा? पेपर सहावीचा आणि मूल नुकतं चौथीतून पाचवीत आलेलं. तुमच्या युनिट टेस्टचं कोडं बरंचसं इथेच सुटतं. आणखी एक गोष्ट: तिथला वर्ग दीड तासाचा, त्यात सॉफ्टवेअर फक्त ४५ मिनिटं होतं. उरलेली ४५ मिनिटं छोट्या गटात माणूस शिकवत होता.

आपल्या गावाचीही एक गोष्ट आहे, बडोदेकरांनाच ती फारशी ठाऊक नसते. २००० साली गुजरात सरकारने इथल्या १०० नगरपालिका शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली, तर लहान वर्गांतल्या मुलांचा हात क्वचितच त्यांना लागलेला. मग ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ आणले. एका कॉम्प्युटरवर दोन मुलं, आठवड्याला दोन तास. त्यातला एक तास शाळेच्या वेळेत, एक आधी किंवा नंतर. शेजारी पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली आसपासचीच मुलंमुली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी ते मोजलं आणि २००७ मध्ये छापलं. संख्याशास्त्राची भाषा बाजूला ठेवून सांगायचं तर १०० मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल साधारण १८ जणांना ओलांडून पुढे गेलं. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र त्या १८चे चारच उरले. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, पण चाळीस मुलांना एका वेळी एकच पान, हे काही तेव्हापासून आजवर सुटलेलं नाही. म्हणून मला त्या दोन तासांचं कौतुकही वाटतं आणि ते पुढे टिकलं नाही याची हळहळही.

लिंडन यांनी पुढे गुजरातमध्येच, ग्यानशाला या संस्थेच्या वर्गांत, आणखी एक प्रयोग केला. शिकवण्याचा तास काढून कॉम्प्युटर दिला तेव्हा मुलं मागे पडली, शाळेखेरीज जादा वेळ दिला तेव्हा फायदा झाला. म्हणून अ‍ॅप घेतलं की शिकवणी बंद, हा हिशेब करू नका.

आता मूळ दुखण्याकडे येतो. अ‍ॅपला मूल कुठे अडलं ते कळतं, का अडलं ते बहुतेक वेळा कळत नाही.

माझ्याकडे सहावीतला एक मुलगा येतो. त्याच्या रिपोर्टवर ‘दशांश ५२ टक्के, सराव हवा’ असं होतं आणि अ‍ॅप त्याला तेच ते प्रश्न देत सुटलं होतं. मी टॅब बाजूला ठेवला आणि कागदावर लिहिलं: ०.७ मोठं की ०.३५? “पॉइंट पस्तीस.” का रे? “सातपेक्षा पस्तीस मोठे ना, काका.” मग विचारलं, ०.४ आणि ०.६५? “पॉइंट पासष्ट.” हे बरोबर आलं, पण कारण तेच चुकीचं. म्हणजे पोरगा गोंधळलेला मुळीच नव्हता. त्याचा एक पक्का नियम होता, ज्यात आकडे जास्त ते मोठं, आणि त्या नियमाने निम्मी उत्तरं आपोआप बरोबर येत होती. अ‍ॅपला वाटलं, याला अर्धं येतंय. खरं तर त्याला दशांश मुळीच येत नव्हते.

मग आलेखाच्या कागदावर १० बाय १० चौकटींचा चौरस आखला. ०.७ साठी त्याने सात उभ्या पट्ट्या रंगवल्या, शेजारच्या चौरसात ०.३५ साठी साडेतीन. बराच वेळ बघत राहिला, मग स्वतःच ०.७ पुढे शून्य लिहून ०.७० केलं. त्या दिवसापासून माझ्याकडे ‘पॉइंट पस्तीस’ म्हणायला बंदी, ‘पॉइंट तीन पाच’ म्हणायचं. दुसरा दोषी क्रिकेट. टीव्हीवर ४.५ षटकं म्हणजे चार षटकं पाच चेंडू, साडेचार नव्हे. दिवसभर ते बघणाऱ्या पोराने दशांश कुठून शिकायचे?

अशा बऱ्याच अ‍ॅपच्या पोटात एक जुनी पद्धत असते, १९९०च्या दशकात कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी मांडलेली. प्रत्येक कौशल्यासाठी चार आकडे: आधीपासून येत असण्याची शक्यता, एका प्रश्नागणिक शिकण्याची, येत असूनही चुकण्याची, आणि येत नसताना अंदाजपंचे बरोबर येण्याची. प्रत्येक उत्तरानंतर यंत्र आपला अंदाज सुधारतं. पद्धत हुशार आहे, पण पलीकडे बोट कुणाचं आहे ते तिला दिसत नाही. मीच नातवाच्या प्रोफाइलवर गंमत म्हणून पंधरा प्रश्न सोडवले होते. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपने त्याला थेट बीजगणितावर चढवलं आणि बिचारा रडकुंडीला आला. सूनबाईंनी मला अजून माफ केलेलं नाही. तेव्हा दादा, बाबा, आजोबा, कुणालाही तिच्या प्रोफाइलला हात लावू देऊ नका.

तुमच्या घरी मराठी, बाहेर गुजराती, अ‍ॅप इंग्रजी. इथे एक तपासणी तुम्ही स्वयंपाक करता करता करू शकता. तिला विचारा, चिकू ८० रुपये किलो, पाऊण किलोचे किती? खंडेराव मार्केटात ‘पोणो किलो’ ऐकत वाढलेली मुलगी साठ म्हणेल अशी माझी अटकळ. मग तेच गणित अ‍ॅपसारखं इंग्रजीत कागदावर लिहून द्या. तिथे अडली तर तिला अपूर्णांक येतात, फक्त ‘थ्री-फोर्थ्स’ आणि पाऊण एकच आहे हे कुणी सांगितलेलं नाही. अशा मुलीला अ‍ॅप चौथीचे आणखी दोनशे प्रश्न देईल आणि ती आणखी चिडेल. आमच्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ होते. मी ते पाठ करा म्हणत नाही, पण पाव, अर्धा, पाऊण हे शब्द घरात वावरू द्या. दोन्हीकडे अडली तर मात्र अ‍ॅपचं म्हणणं खरं धरा आणि तिला निमूट चौथीचं करू द्या. सेटिंगमध्ये इयत्तेचं नाव लपवता येतं का तेही बघा. चिडण्यातलं निम्मं कारण त्या ‘क्लास ४’ च्या पट्टीत असतं. सातवीतल्या मुलीला तेवढा मान हवाच.

रोज पाऊण तास पुरे, आणि शेजारी रफ वही हवीच. आठवड्यातून एकदा ती वही तुम्ही चाळा, खाडाखोड कुठे आहे ते पाहा. रिपोर्टच्या रंगीत गोलांपेक्षा तिथे जास्त कळतं.

आता पॅकेज. मुलीच्या गणितातली तूट दोन-चार महिन्यांत भरून निघू शकते, मग तीन वर्षांचे पैसे कशाचे? माझ्या ओळखीत एका घराने अशाच एका कंपनीचं पॅकेज हप्त्यांवर घेतलं. मुलाने दिवाळीनंतर टॅब उघडला नाही, हप्ते दीड वर्ष चालू. महिन्यामहिन्याने पैसे भरता येत असतील तरच पुढे जा. आणि त्या माणसाला घरी बोलवाच, पण त्याच्यासमोर डेमो तुम्ही स्वतः द्या. दशांशाचा धडा उघडा आणि माझ्या त्या मुलासारखी उत्तरं द्या, ज्यात आकडे जास्त ते मोठं, ओळीने दहा प्रश्न. अ‍ॅपने नुसते आणखी सोपे प्रश्न दिले तर ती शिडी आहे, मास्तर नव्हे, आणि शिडीसाठी एवढे पैसे मोजायचे नसतात. पण चौथ्या-पाचव्या प्रश्नाला त्याने तुमची खोड ओळखली आणि चौकटी किंवा संख्यारेषा समोर आणली, तर दोन महिने आणखी ठेवा. त्या डेमोत काय झालं ते मला कळवा.