राउटरमध्ये फायरवॉल असताना विंडोजचा फायरवॉल बंद केला तर चालेल का?

नाही, दोन्ही चालू ठेवा. फायरवॉल म्हणजे नको असलेली कनेक्शन अडवणारा पहारेकरी. राउटर इंटरनेटवरून आत येणारं अडवतो. पण घरच्याच वायफायवरचा व्हायरस लागलेला लॅपटॉप किंवा सीसीटीव्हीचा जुना डीव्हीआर तुमच्या पीसीचे पोर्ट (कनेक्शन आत येण्याचे नंबर दिलेले दरवाजे) चाचपू लागला, तर ते राउटरच्या फायरवॉलपर्यंत सहसा पोचतच नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस असाच एका मशीनमधून दुसऱ्यात, 445 नंबरच्या पोर्टवरून पसरला.

विंडोज सिक्युरिटीत ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ उघडून डोमेन (ऑफिसचं नेटवर्क), प्रायव्हेट (घरचं), पब्लिक (सार्वजनिक) तिन्ही ‘ऑन’ आहेत ना बघा. नवा प्रोग्रॅम परवानगी मागतो तेव्हा लोक घाईत ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतात, खरी गोची तिथेच होते. ‘पब्लिक’समोर टिक राहिली, तर स्टेशनच्या वायफायवरही तो प्रोग्रॅम बाहेरच्यांना उघडा. शेअर केलेलं फोल्डर किंवा प्रिंटर दिसेनासा झाला, तर अख्खा फायरवॉल बंद करू नका. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मात्र स्पॅम आणि फसव्या लिंका यानं थांबत नाहीत: लिंक दाबून कनेक्शन आतून तुम्हीच सुरू करता, आणि बाहेर जाणारं विंडोज मुळात अडवत नाही.